सलोमीबाईचा वरवंटा

आपल्या खापरपणजोबांना मिशाही फुटल्या नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट. प्रवराकाठी बोरठाण नावाचं गाव होतं, आणि त्या गावात ख्रिस्ती मंडळीचं एक कौलारू देऊळ होतं. देऊळ लहान, पण भांडण मोठं! वरची आळी उजवीकडे बसायची, खालची आळी डावीकडे, आणि गाणी म्हणतानासुद्धा दोघी एकमेकींवर आवाज चढवून सूड उगवायच्या. भांडण कशावरून लागलं ते सगळे विसरले होते, पण भांडायचं कुणी विसरलं नव्हतं.

शेवटी शांतवन पाळकांनी प्रभुभोजनाचा, म्हणजे सगळ्या मंडळीनं येशूच्या आठवणीत मिळून प्यायचा प्याला फडक्यात बांधून कपाटात ठेवला. म्हणाले, "आधी मेळ करा, मग प्याला काढतो." सात वर्षं गेली. प्याला काही निघाला नाही.

याचं सगळ्यात जास्त दुःख सलोमीबाईला. खालच्या आळीची ही म्हातारी ऐंशीच्या पुढची. डोळे मिटायच्या आत एकदा तरी त्या प्याल्याला ओठ लागावेत, एवढीच तिची आस. रोज दुपारी ती देवळात गुडघे टेकायची आणि म्हणायची, "प्रभू, या मंडळीत संजीवन धाड. मेलेल्या मनांत जीव घाल." एवढ्यावर भागायचं नाही. कुणाचं मन कसं मेलंय, हेही ती देवाला नावानिशी सांगायची. देवालाही बैठक मारून ऐकावं लागायचं, असं म्हणतात.

एकदा पाळक छपरावर चढून देऊळ शाकारत होते. वरूनच म्हणाले, "सलोमीबाई, तुमच्या प्रार्थनेत सगळं गाव आलं. राहेलबाई तेवढ्या राहिल्या."

राहेलबाई म्हणजे तिची धाकटी जाऊ, वरच्या आळीची. घराच्या वाटणीत पाटा राहेलकडे गेला होता आणि वरवंटा सलोमीकडे. दोघींची चटणी अडली, पण कुणी मागितलं नाही की दिलं नाही.

"त्या बयेचं नाव काढू नका पाळकसाहेब," सलोमीबाई कडाडली, "मी प्रार्थनेत हाय!"

बोलली मात्र, आणि तिनं तोंडावर हात ठेवला. मग ती हळूच म्हणाली, "प्रभू, आधी माझ्याकडं बघ."

मग भर उन्हात, डोक्यावर वरवंटा घेऊन ती वरच्या आळीला निघाली. दारादारातून लोक विचारू लागले. "राहेलच्या पाट्याचा हाय, तिला द्याया चाललेय," ती सांगायची. "समद्यांचं पाप मोजत बसले आन् हा धोंडा घरात दडवला." वरवंटा पावलागणिक हलका होत गेला आणि राहेलच्या दाराशी कापसाएवढा झाला, असं म्हणतात.

राहेलबाई बघतच राहिली. मग म्हणाली, "पाटा तसाच पडलाय सात वर्सं. या अक्का, बसा."

दोघींनी लाल मिरच्या भाजून चटणी वाटली. त्या मिरच्यांचा असा खाट उठला की दोन्ही आळ्या ठसकत रस्त्यावर आल्या. सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी. मिरचीमुळे आलं, असं जो तो सांगत होता आणि सांगता सांगता समोरच्याच्या गळ्यात पडत होता. देवळाची घंटा तेव्हा आपोआप वाजायला लागली, असं म्हणतात.

रविवारी फडकं सुटलं. दोन्ही आळ्या प्याल्या, तरी प्याला भरलेलाच. सलोमीबाईच्या ओठांना तो लागला तेव्हा ती लहान मुलीसारखी हसली. पुढं ती अकरा वर्षं जगली आणि एकही प्रभुभोजन तिनं चुकवलं नाही.

आजही बोरठाणात प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी दुपारी घंटा होते. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या दारी जायचं आणि एवढंच म्हणायचं, "सलोमीबाईनं धाडलंय." मग दार लावून घ्यायची कुणाची टाप नाही. मेळ राहिला असेल तर प्याल्याचं फडकं सुटत नाही. गेल्या वर्षी दोन सख्खे भाऊ अडून बसले, तर सगळी मंडळी रविवारी ऊन डोक्यावर येईतो त्यांच्यासाठी प्रार्थना करत बसून राहिली. शेवटी दोघं आले, एकाच सायकलवर डबलसीट.