ठकूबाईचा गाळ

फार फार मागची गोष्ट. शेंदरी नदीच्या खोऱ्यात तेरा गावं होती आणि तेरा गावांच्या विहिरी सांभाळायला एक बाई होती. ठकूबाई तिचं नाव. ती संस्थानची नोकर. उन्हाळा लागला की कमरेला दोर बांधून ती विहिरीत उतरायची, गाळ उपसायची, पाण्यात चुना टाकायची. चुना, दोर आणि हाताखालच्या माणसांचा पगार दरबारातून यायचा. नुसता पाण्याचा वास घेऊन ती सांगायची, या गावात कोण आजारी पडणार, असं म्हणतात.

एका वर्षी नवे दिवाण आले. त्यांनी राजवाड्यापुढे कारंजं बांधायला काढलं आणि त्यापायी विहिरींचा खर्च बंद केला. ठकूबाई विचारायला गेली.

कारकून म्हणाला, "बाई, गेल्या दहा वर्षांत खोऱ्यात पटकीची साथ आलीय का? नाही ना? मग चुना हवाय कशाला?"

"मी उतरते म्हणून न्हाई आली!" ठकूबाई ओरडली. शिपायांनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं.

ती एकटीच कामाला लागली. जिथलं पाणी सगळ्यांत वाईट तिथून सुरुवात केली. चार विहिरी झाल्या आणि तिचे हात सोलवटले. नऊ राहिल्या. तिच्या स्वतःच्या गावची त्यातच राहिली.

ज्येष्ठात पटकी आली. सकाळी धडधाकट असलेला माणूस दिवस मावळायच्या आत तिरडीवर जाऊ लागला. ठकूबाईची सून चंद्री, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, तीही पडली. "आत्याबाई, पाणी द्या," एवढंच म्हणत राहिली. आणि घरात पाणी होतं ते त्याच विहिरीचं.

ठकूबाई रडली नाही. चंद्रीची राख सावडली, विहिरीत उतरली, पाटीभर गाळ डोक्यावर घेतला आणि राजधानीची वाट धरली. वाटेतल्या गावागावांतून बाया निघाल्या. जिच्या घरी मयत झालं होतं, तिच्या डोक्यावर पाटी होती. सगळ्यांनी तो गाळ नेऊन कारंज्यात ओतला.

सात दिवस नोकर गाळ उपसत होते. जेवढा काढावा तेवढा सकाळी पुन्हा काठोकाठ. आठव्या दिवशी दिवाणांच्या जेवणाच्या ताटाशेजारी, चांदीच्या भांड्यातही गाळच आला, असं म्हणतात.

तेव्हा दिवाण खाली आले. "बाई, तुमच्या गावची विहीर उद्याच साफ करून देतो. शिवाय तुम्हाला लुगडं-चोळी."

"लुगडं कुणाला नेसवू? चंद्रीच्या राखेला?" ठकूबाईने अशी नजर टाकली की दिवाणांच्या पगडीतून धूर निघाला, असं म्हणतात. "मला तेरा गावांचा चुना पायजे. दोर पायजे, माणसं पायजेत. मरी आली तरी आणि न्हाई आली तरी, दरसाल. आणि ते दगडावर कोरून द्या. उद्या तुमच्या जागी दुसरा आला, त्याला खोडता यायचं न्हाई."

"आणि नाही दिलं तर?"

ठकूबाईने कारंज्यातून तांब्या भरला आणि पुढे धरला. "तर हे प्या. आमी प्यालो."

दिवाणांनी तांब्याकडे पाहिलं. मग त्यांनी पाथरवट बोलावला.

शेवटचं अक्षर कोरून झालं तेव्हा कारंज्याचं पाणी निवळलं. ठकूबाई हसली नाही, तिने जोहारही केला नाही. परत येऊन तिने राहिलेल्या नऊ विहिरी उपसल्या. आपल्या गावच्या विहिरीतून तिने शेवटची पाटी वर पाठवली, मग लोकांनी दोर ओढला तर तो मोकळाच आला, असं म्हणतात.

संस्थान गेलं. दिवाणाचं नाव कुणाला सांगता येत नाही. पण त्या तेरा गावांत आजही ग्रामसभेत पुढच्या वर्षाचा खर्च वाचला जातो, तेव्हा गावातली सगळ्यांत म्हातारी बाई टाकीच्या तळातलं पाणी तांब्यात घेऊन खर्च वाचणाऱ्या साहेबांच्या पुढ्यातच बसते. पाणी शुद्ध करायच्या आणि दवाखान्याच्या खर्चाला कात्री लागली, की ती तांब्या साहेबांच्या कागदांवर नेऊन ठेवते.

"ठकूबाईचं हाय," ती म्हणते. "प्या."

आणि सभेच्या दाराला आतून कडी लागते.