दिंड्याला दिलेलं आवतण

“मग माजं चुकलं कुठं, तेवढं सांगा बुवा.”

सोमाने हे तिसऱ्यांदा विचारलं. जनूबुवा देवराईत दिंड्याच्या झुडपापाशी बसले होते. मोठ्या झाडांच्या सावलीला, कायम ओल धरणाऱ्या मातीत वाढणारं हे झुडूप. भादवा सरत आला होता आणि त्याचे घोस पिकून काळे पडले होते.

परवा सोमाच्या बहिणीची सात वर्षांची चंद्री हगवणीनं गेली. त्या भागात हगवणीवर दिंड्याची मुळी उगाळून देत. सोमा अकरा वर्षं बुवांच्या हाताखाली झाडपाल्याचं औषध शिकलेला, गावाला त्याचाच आधार.

“नेम तुमीच शिकवला. मुळी काढायची तर आदल्या सांजेला झाडाला आवतण द्यायचं. अक्षता वाहायच्या, उद्या येतो म्हणायचं. उजाडल्याबिगर हात लावायचा न्हाई.”

“व्हय. मीच शिकवला.”

“म्या तसंच केलं. उजाडल्यावर मुळी घेऊन गेलो...”

तो पोचला तेव्हा पोर गेली होती. ती मुळी त्याने चंद्रीच्या शेजारीच मातीत घातली होती.

या नेमाचा सोमाला भारी तोरा. कुणी घाईघाईत पाला ओरबाडला, की तो चारचौघांत त्याची हजेरी घ्यायचा. आपण एकदाही नेम मोडला नाही, हे कुणी न विचारता सांगायचा. आता तेच सांगताना त्याला स्वतःची शिसारी आली.

“पोर काय म्हणत हुती त्या राती?”

“मामा, आता देशील का औषध... असं.”

“तू काय सांगितलंस?”

“म्हनलं, सकाळी.”

बुवांनी झुडपाकडे पाहिलं. बुंध्याशी वाहिलेल्या अक्षता मुंग्यांनी निम्म्याअधिक नेल्या होत्या.

सोमाने झोळी आणि खुरपं त्यांच्यापुढे ठेवलं. “आजपासनं औषधाला हात लावनार न्हाई. हेच माजं प्रायश्चित्त.”

“घरी कोन आजारी हाय?”

सोमा चपापला. “येसू. चंद्रीची आई. काल सांजेपासनं तिलाबी तेच...”

“आन् तू हितं प्रायश्चित्त घेत बसलाईस.”

सोमाची मान खाली गेली. “आवतण दिलेलं न्हाई, बुवा.”

बुवांनी खुरपं उचललं. अक्षता नाहीत, हात जोडणं नाही. त्यांनी थेट मुळाशी घाव घातला. सगळं झुडूप हललं आणि पिकलेली फळं त्यांच्या पांढऱ्या डोक्यावर पडली. अकरा वर्षांत सोमाने असं कधी पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धार लागली होती.

मुळी त्यांनी सोमाच्या मुठीत कोंबली. तो पाया पडायला वाकला, तसं त्याला मागं ढकललं.

“पळ. माफी मागायला मी हाय हितं.”