राजाचा शेला

पूर्वी चंपकपुरात अरिष्टसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका परिटाच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव नंदक. थोरामोठ्यांचे कपडे धुण्यात त्याचे केस पिकले होते.

नगरात दोन तळी होती. वरच्या तळ्याचे पाणी नितळ. तेथे बड्या मंडळींची स्नाने होत आणि तो सगळा मळ खालच्या तळ्यात उतरे. उरलेले नगर तेच पीत असे. वरचे तळे श्रीमंतांचे, असे मात्र कोणी म्हणत नसे. ते म्हणे सुसंस्कृतांचे होते! काठावर नगरशेठ मणिदत्त सुगंधी तेलाच्या पाच कुप्या घेऊन बसे. डोळे बांधून पाचही वास जो ओळखील, त्याने खुशाल पाणी न्यावे. ज्याच्या घरी असले तेल कधी आलेच नाही, त्याने ते ओळखायचे कसे, हे विचारायची सोय नव्हती.

नंदकाची लहानगी नात रेवती खालचे पाणी पिऊन हगवणीने आडवी झाली. वैद्य म्हणाला, "वरचे पाणी द्या, नाहीतर पोर हातची जाईल."

नंदक घागर घेऊन वर गेला. डोळे बांधून घेतले आणि एकेक वास सांगत सुटला. सांगणारच; त्याच वासांचे कपडे त्याने जन्मभर आपटले होते.

"वाळा, चंदन, केवडा, मोगरा. पाचवे केशर, शेठजी, तुमच्या घरचे. त्यात हळदीची भेसळ आहे."

लोक हसले. मणिदत्त लालबुंद झाला. "वास कुत्र्यालाही कळतो! संस्कार रक्तात असावे लागतात. चल, नीघ!"

नंदकाच्या अंगाची लाही लाही झाली. बोधिसत्त्व असूनही त्याला त्या रागाची लाज वाटली नाही. राजाचा धुतलेला शेला पोचवायचाच होता. तो घेऊन नंदक तडक राजसभेत गेला. मणिदत्तही तक्रार घेऊन मागोमाग आला.

राजाने शेला खांद्यावर टाकला. "वा! काय शुभ्र!"

"खालच्या तळ्यात धुतलाय, महाराज. साऱ्या दरबाराचे कपडे तिथेच धुतो. आम्हाला दुसरे पाणी आहे कुठे?"

विंचू चढावा तसा राजाने शेला झटकून टाकला. मणिदत्तानेही घाईघाईने उपरणे काढले.

"वाळलेल्या कापडाची एवढी किळस?" नंदकाने विचारले. "माझी नात ते पाणी पिते, महाराज. रोज पिते!"

राजा मान वर करू शकला नाही. त्याच दिवशी वरचे तळे सर्वांना खुले झाले आणि मळ दुसरीकडे वळवला गेला. रेवती वाचली. तिच्या आळीतली सात मुले मात्र आधीच गेली होती.

ही कथा सांगून शास्ते भगवान विहारातल्या सभेला म्हणाले, "तो राजा म्हणजे आजचे भिक्षू सुमेध, रेवती म्हणजे भिक्षुणी क्षेमंकरा आणि तो परीट मीच होतो. बलवंताच्या तोंडावर खरे बोलणे, हीच सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."

"आणि मणिदत्त?" एका भिक्षूने विचारले.

पुढे सावलीत नगरातले धनिक ऐसपैस बसले होते. मागे उन्हात बाकीचे लोक उभे होते. शास्त्यांनी धनिकांवरून एकवार नजर फिरवली.

"तो अजून जन्म घेतोच आहे," ते म्हणाले.

 मग पुढची मंडळी एकेक करून सरकू लागली आणि मागच्यांना सावलीत जागा झाली.