वर पाणी आहे, असं म्हणू नये

तळसांडी गावाच्या टोकाला, जिथून खिंडीची चढण सुरू होते, तिथे हा लिंब उभा आहे. उन्हाळ्यात भरदुपारी इथे आलात तर गावातलं कुणीतरी तुम्हाला आधी सावलीत बसवेल, हातावर गुळाचा खडा ठेवेल, पाणी घोटघोट प्यायला लावेल. उन्हं कलेपर्यंत उठू देणार नाही, आणि उठताना भोपळ्याचा भरलेला तुंबा हाती देईल. पण ‘वर पाणी आहे का?’ असं विचारलंत, तर उत्तर मिळणार नाही. पाहुण्यांना हा उर्मटपणा वाटतो. वाटेना का. आधी गोष्ट ऐका.

असे सांगतात, की पायथ्याची तळसांडी आणि माथ्यापलीकडची वरसांडी या दोन गावांनी बेलभंडार उचलून शपथ घेतली होती. पाडव्यापासून मृग लागेपर्यंत खिंडीच्या दोन्ही टोकांना एकेक रांजण भरलेला ठेवायचा. वरच्या रांजणापाशी काठीला तांबडं फडकं बांधायचं, ते खालून दिसे. पाणी आटलं तर फडकं उतरवायचं, म्हणजे खालचे लोक वाटसरूला अडवतील. खालचा रांजण सारजा भरी आणि वरचा तिचा सख्खा भाऊ उखर्डू.

सारजाला भावाचा कोण अभिमान! वाटसरूला ती म्हणे, “बिनघोर जा. वर पाणी हाय. माझा भाऊ हाय तिथं.”

एका वर्षी आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तिची लेक केशर सासरहून आली. मामाला सांजोऱ्या द्यायला निघाली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. “आई, तुंबा भरून दे,” ती म्हणाली. सारजाने माथ्याकडे पाहिलं. फडकं जागच्या जागी होतं.

“ओझं कशाला वागवतीस? वर पाणी हाय.”

वरचा रांजण आठ दिवसांपासून कोरडा होता.

दिवस मावळताना गुराख्यांनी हाक दिली. केशर रांजणाला टेकून बसलेली, सांजोऱ्यांची पुरचुंडी मांडीवर तशीच. ऊन लागून गेली होती. सारजा धावत वर आली आणि म्हणे, तिने लेकीला शिवायच्या आधी रांजणात हात घातला. लोक याला निष्ठुरपणा म्हणतात. पण तसं नाही. भाऊ आपल्याला फसवेल हे तिला तेव्हाही खरं वाटत नव्हतं. हात तळापर्यंत गेला आणि कोरडाच वर आला.

उखर्डू खाली मान घालून उभा होता.

“फडकं का नाही उतरवलंस, दादा?”

“गावात पाणी न्हाई हे कळलं असतं तर वरसांडीला पोरी कुणी दिल्या असत्या, सारजे? गावाची अब्रू...”

“पोरी पायजे व्हत्या?” सारजा म्हणाली. “ही घे. एक दिली.”

तिने फडकं स्वतःच्या हाताने सोडलं आणि लेकीच्या तोंडावरून पांघरलं. पुन्हा ती माहेरची वाट चढली नाही.

दर आखाजीला उखर्डू भरली घागर खांद्यावर घेऊन खाली येई, तिच्या दारात ठेवी आणि मुकाट परत जाई. त्या पाण्याला तिने कधी ओठ लावला नाही. पण उन्हाळ्यातलं पाणी सांडून द्यायलाही तिचं मन धजेना, म्हणून वाटेकडेच्या लिंबाच्या रोपाला ती ते ओतत राहिली. तोच हा लिंब, म्हणे. भाऊ मेला तेव्हा लिंबाखाली चार माणसं बसतील एवढी सावली झाली होती. त्या सावलीत सारजा वाटसरूंना बसवून ठेवी, प्रत्येकाला तुंबा भरून देई. वर काय आहे, हे मात्र तिने पुन्हा कुणाला सांगितलं नाही.

आजही तळसांडीत ते कुणी सांगत नाही. वरसांडीला नळ येऊन आता दहा वर्षं होतील. पाहुणे हसून विचारतात, “आजी, वर तर नळ आलाय ना?”

तुंबा देणारी बाई माथ्याकडे बघतही नाही.

“आला असंल,” ती म्हणते. “तुमी हे घेऊन जा.”