मधला सूर

सांगा पाहू, माणसानं भरवसा कुणावर ठेवावा? सगळं सोपं करून सांगणाऱ्यावर, की सगळं समजलं म्हणणाऱ्यावर? आधी ऐका, मग ठरवा.

एका गावात एक भोळा पेटीवाला होता. नाव इनास. त्याला पास्कू मास्तरांची फिलू बायको म्हणून हवी होती. मास्तर चर्चमध्ये पेटी वाजवायचे. त्यांची अट एकच, कॉर्ड उलटवता येईल त्यालाच मुलगी.

कॉर्ड म्हणजे काय, हेही इनासला ठाऊक नव्हतं. मास्तर म्हणाले, "तीन सूर एकदम वाजव, झाली कॉर्ड. सा, ग, प. मडक्यांची उतरंडच समज. आता तळातला सा उचलून सगळ्यांच्या वर ठेव. सूर तेच, बसायची रीत बदलली."

समजलं, म्हणाला इनास. घरी जाऊन त्यानं आयच्या उतरंडीतलं तळातलं मडकं ओढलं. वरची दोन खाली येऊन फुटली. आयनं विचारलं, हे काय रे?

"मडकी तीच, आय. बसायची रीत बदलली."

मास्तरांनी कपाळाला हात लावला. अरे बाबा, वरच्यांना आधी दाबून धरायचं, मग तळातला उचलायचा.

समजलं, म्हणाला इनास. सकाळी आयनं त्याला खुराड्यात अंडी आणायला धाडलं. कोंबडी अंड्यांवर बसलेली. त्यानं तिला आधी चांगली दाबून धरली, मग खाली हात घातला. ओंजळभर बलक घेऊन आला.

"अंडी तीच, आय."

पेटीवर मात्र त्याला जमलं. कसं, देव जाणे. मास्तर खूश, लग्न ठरलं. तेवढ्यात मास्तरांनी हौसेनं आणखी एक धडा दिला. तिन्ही सूर चिकटून बसले की गुदमरतात. मधल्याला उचलायचं, पार वरच्या सप्तकात ठेवायचं. कसं मोकळं वाटतं बघ.

समजलं, म्हणाला इनास.

लग्नाला अख्खं गाव लोटलं. वेदीपुढे एका बाजूला फिलू, दुसऱ्या बाजूला मास्तर, मध्ये सूट घातलेला इनास. फोटोवाला म्हणाला, जरा चिकटून उभे राहा. इनासनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मधला कोण, ते त्याला लगेच कळलं.

फादर पुस्तकातून मान वर करून विचारतात, इनास, फिलू तुला बायको म्हणून कबूल आहे? तर मध्ये कोणीच नाही. घंटेच्या मनोऱ्यावरून आवाज आला,

"माणसं तीच, मास्तर. आता कसं मोकळं वाटतंय?"

फिलूनं वर पाहिलं. मग बापाकडे वळून शांतपणे म्हणाली,

"बाबा, मधला सूर बदला."

हसा मंडळी, खुशाल हसा. फक्त हिशेब चोख ठेवा. त्या रिकाम्या जागेपैकी इनासच्या नावावर किती आणि मास्तरांच्या नावावर किती, ते प्रामाणिकपणे मांडा.