पावणाईचा उतरता पार

खारशेतच्या पावणाईसमोरची बकूळ बघायला लोक लांबून येतात आणि आधी पाराकडेच बघत राहतात. पार म्हटला की माणूस त्यावर चढून बसतो. इथं उतरावं लागतं. अंगणाच्या मधोमध कमरेएवढा गोल खड्डा, त्याच्या कडेनं जांभ्याचे दगड रचलेले, आणि तळाशी बकुळीचा बुंधा, मुळांची बोटं पसरून बसलेला. काम अर्धवट राहिलं का, असं पाहुणे हमखास विचारतात. देवळाचे म्हातारे गुरव भिकूतात्या मान हलवतात. अर्धवट नाही, म्हणतात, पुरं झालेलं मोडलंय. मग पायरीवर टेकून सांगू लागतात.

फार मागची गोष्ट. देवळावर तेव्हा गवताचं छप्पर होतं आणि अंगण उताराचं होतं. बकूळ मात्र तेव्हाही जुनीच. पावणाईला कौल लावायचा तर याच झाडाचं ताजं फूल लागे. देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक फूल ओलं करून चिकटवायचं. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. लग्न जमवणं, होडी पाण्यात लोटणं, पेरा धरणं, सगळं त्या नखाएवढ्या फुलावर अवलंबून.

झाडाची राखण गोजरा नावाच्या बाईकडे होती. काम सासऱ्याकडून आलेलं. नवरा गेल्यावर तिनंच ते धरलं. वाळकी फांदी कुठून कापली म्हणजे जखम भरते, बांडगूळ कधी उतरवायचं, हे तिला नुसत्या हातानं कळे, असं सांगतात. आणि तिला हटकून विचारायचा हक्क मात्र साऱ्या गावाला होता. पानं पिवळी का पडतात? ही गाठ कसली? मुंग्या चढतायत त्या चांगल्या की वाईट? आमचा फणस धरत नाही, खिळा ठोकू का? गोजरा हातातलं काम ठेवून सांगे. ऐकणारा ‘असं होय’ म्हणे, आणि घरी जाऊन खिळा ठोके.

तर एका वर्षी दाजी खोताच्या मुलीला, कुशीला, ताप भरला. चाळीस दिवस उतरेना. खोतानं पावणाईला नवस केला: पोर उठली तर तुझं अंगण भर घालून देवळाच्या जोत्याबरोबर आणीन आणि बकुळीला पार बांधीन. पोर उठली. खोत शब्दाचा पक्का. पहिल्या मातीच्या टोपल्या त्यानं स्वतःच्या डोक्यावरून वाहिल्या.

गोजरा त्याच दिवशी पुढं झाली होती. बुंधा बुजवू नका, म्हणाली, तो झाडाचा गळा आहे, त्याला वारा लागतो. खोत हसला. “माती घालतोय गो, विष नाय घालत.” माणसंही हसली. महिन्याभरात अंगण सपाट झालं, त्यावर छातीएवढा पार उभा राहिला, आणि बकूळ जमिनीतून नव्हे तर भरावातूनच उगवल्यासारखी दिसू लागली. गावाला ते फार शोभिवंत वाटलं.

दुसऱ्या पावसानंतर शेंडा विरळ झाला. मग प्रश्नांना ऊत आला. गोजरे, पाणी कमी पडतंय का? दृष्ट लागली का? ती सांगे, माती काढा. बरं बरं म्हणून माणूस जाई आणि संध्याकाळी ताकाची कासंडी आणून मुळाशी ओती. कुणी राख घातली, कुणी खोडाला चुना फासला. एका घरानं नेम धरून रोज दहा घागरी पाणी घातलं. गोजरा पाणी थांबवायला गेली की दुसरीकडून कुणीतरी दूध घेऊन येई. ‘माती काढा’ हे दोन शब्द तिनं इतक्या वेळा म्हटले की तेच तिचं नाव पडलं. विहिरीवरच्या बायका तिला लांबून बघून म्हणत, “आली गो माती काढा.”

लोकांना ऐकू येत नव्हतं असं नाही. माती काढायची म्हणजे नवस मोडायचा. नवस मोडला आणि कुशीचा ताप परत आला तर? हे कुणी बोलून दाखवत नसे. म्हणून उत्तर ठाऊक असतानाही लोक पुन्हा पुन्हा विचारत राहिले, एखादं दुसरं, सोपं उत्तर मिळेल म्हणून.

तिसऱ्या वर्षी बकूळ फुललीच नाही. कौल बंद झाला. ठरलेली लग्नं अडली, नवी होडी किनाऱ्यावरच तडकू लागली. माणसं एकमेकांवर खेकसू लागली आणि सगळी मिळून गोजरावर. तिचाच हात वाईट, असंही कुणी म्हणालं. अखेर देवळात बैठक बसली. झाड तोडावं आणि त्या जागी नवं रोप लावावं, असं निघालं. देवीला विचारायची सोय नव्हती, कारण विचारायला फूल नव्हतं. अष्टमीला कुऱ्हाड लावायची ठरली. मध्ये चार दिवस.

गोजरा दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर चढली आणि बुंध्यालगतची माती उपसू लागली. कुदळ घेतली नाही. लोखंडानं साल दुखावते. हात आणि नारळाची करवंटी, एवढंच. माणसं भोवती जमली. काय करतेस, कुणाला विचारून करतेस, यानं फूल येईल का, कधी येईल? कावलेल्या गोजरानं एकदाच मान वर केली, म्हणे. “आता वरून जो विचारील त्याला उत्तर नाय.” त्यानंतर ती बोलली नाही. दुपारपर्यंत ती कमरेएवढी आत गेली होती. लोक विचारत राहिले, ती उपसत राहिली.

दुसऱ्या दिवशी कुशी आली. थोडा वेळ काठावर उभी राहिली, मग लुगडं खोचून आत उतरली.

“गोजराक्का, ही माती काढली तर मला परत ताप येईल?”

गोजराला संतापच आला, असं सांगतात. जे तिला कळत होतं ते तीन वर्षं सांगून कुणी ऐकलं नाही, आणि आता विचारलं तर नेमकं तेच, जे तिला कळत नव्हतं.

“मला नाय माहीत,” ती म्हणाली. “मला झाडाचं कळतं. देवीचं नाय कळत.”

“मग झाडाचं सांग.”

“माती राहिली तर मरेल. काढली तर जगेलही.”

कुशीनं पाराच्या दगडांकडे बघितलं. मग म्हणाली, “नवस माझ्यासाठी होता ना. मोडायचा तर मीच मोडते.” आणि तिनं दोन्ही हात घालून पाराचा पहिला दगड ओढून काढला.

दगड पडल्याचा आवाज ऐकून खोत धावत आला. मुलगी कोपरापर्यंत मातीत. त्यानं वरूनच तिला हाका मारल्या, शपथा घातल्या, गोजराला शिव्या दिल्या. दोघींपैकी कुणी वर बघितलं नाही. तेव्हा तो उतरला. आधी त्यानं कुशीचं मनगट धरलं, तापलंय का ते बघायला. मनगट ओल्या मातीनं गार होतं. गोजरानं त्याचा दुसरा हात धरला आणि बुंध्यावर टेकवला. खोताचं बोट सालीत दुसऱ्या पेरापर्यंत शिरलं, पिकून गळालेल्या बरक्या फणसात शिरावं तसं. आतून आंबूस वास आला.

खोतानं बोट बाहेर काढून बघितलं. “हे मी केलं?”

‘मी सांगितलं होतं’ हे शब्द गोजराच्या जिभेवर तीन वर्षं तयार होते. तिनं ते गिळले. “करवंटी घ्या,” म्हणाली.

खोत खाली बसला हे बघून एकेक जण उतरू लागला. प्रत्येक जण काहीतरी विचारायला म्हणून उतरे, आणि खाली कुजलेली साल, वर हवेकडे धडपडत आलेली केसासारखी मुळं बघून प्रश्न विसरे. अष्टमीला कुऱ्हाड आली नाही. पार उतरवून त्याच दगडांनी खड्ड्याची कड बांधली.

पण गोष्ट इथं सुखानं मिटत नाही. त्या पावसाळ्यात कुशीला खरोखरच ताप आला. गावात कुणी मोठ्यानं बोलेना. खोत दोन दिवस देवळाकडे फिरकला नाही, आणि गोजरा खड्ड्यात एकटीच, बुंधा पुन्हा बुजू नये म्हणून, पडलेली पानं उपसत होती. लोक खड्डा बुजवायला येतील म्हणून पाऊल वाजलं तरी ती दचके. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशी कुशी भिंती धरत धरत आली आणि गोजराशेजारी बसून पानं काढू लागली. त्यानंतर माती परत घाला असं कुणी म्हणालं नाही.

पुढच्या चैत्रातही झाड मुकंच होतं. त्यानंतरच्या चैत्रात सात फुलं आली. दोन-तीन वर्षांचे प्रश्न तुंबलेले. तेव्हाचा गुरव म्हणाला, पहिला कौल खोताचा. नवस मोडल्याचा दोष लागला का ते विचारून घ्या. खोत म्हणाला, ते विचारायची गरज नाही, पोर समोर बसलीय. होडीचं विचारा.

गोजराला आनंद झाला असेल, असं ऐकणाऱ्यांना वाटतं. भिकूतात्या म्हणतात, झाला असेलही, पण तिचा राग काही गेला नाही. दोन शब्द ऐकायला गावाला तीन वर्षं लागली, असं ती मरेपर्यंत ज्याला त्याला सुनवत होती म्हणे.

आजही खारशेतात लग्नाचा, होडीचा, पेऱ्याचा कौल पावणाईला लावतात; झाडाचा मात्र लावत नाहीत. राखण अजून गोजराच्याच घरात आहे. तिथली सून बहुधा खड्ड्यातच असते. ताई, हिला खत कोणतं घालता, पाणी किती लागतं, असं पाहुणे काठावरून विचारतात. ती मान वर करत नाही. जराशी सरकते, एका माणसापुरती जागा करते, आणि पानं काढत राहते.