मुका तपी आणि अर्धी मेणबत्ती

तिवरजुव्याच्या टेकडीवर सायबिणीचं, म्हणजे ख्रिस्ती देवमातेचं, जुनं कपेल आहे, लहानसं प्रार्थनाघर. तरीच्या होडीतून उतरलं की दोनशे चौदा पायऱ्या चढाव्या लागतात. वर आलेले पाहुणे अजून दमच खात असतात, तेवढ्यात कपेलाच्या मागून, दर्याकडच्या भिंतीशी उभी असलेली कुणी बाई ओरडते, "हाय का?" आणि आतून दुसरी बाई तितक्याच मोठ्याने उत्तर देते, "हाय गे, हाय!" जरा वेळ जातो, की पुन्हा तेच. पाहुणे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. किल्ली सांभाळणारे मिंगेलकाका हसतात.

"भांडण नाही ते. बसा, सांगतो. पोरांना कठड्यावर चढू देऊ नका तेवढं."

फार पूर्वीची गोष्ट. त्या वेळी कपेलाला लागून असलेल्या खोलीत एक तपी राहायचा. आज तिथे झाडू आणि बादल्या ठेवतात. त्याचं नाव जुझे, पण सगळे त्याला मुका तपी म्हणत. तो जन्माचा मुका नव्हता. मरेपर्यंत बोलणार नाही, असा त्याने सायबिणीला शब्द दिला होता. का दिला, ते कुणाला ठाऊक नाही. बारा वर्षं झाली होती, म्हणे. त्याचं एकच काम. दर्याकडच्या भिंतीत कोनाडा आहे, त्यात पितळी परात उभी करून तिच्यापुढे रोज तिन्हीसांजेला दिवा लावायचा. त्या उजेडावर नेम धरून मचवे दोन खडकांमधून आत यायचे. दिव्याचं तेल खालच्या दोन वस्त्यांनी पाळीपाळीने द्यायचं, एक आठवडा बंदरपाड्याने, एक आठवडा माडआळीने.

माडआळीत इनेस नावाची बाई होती. तिचं पहिलं पोर पाळण्यातच गेलं होतं. ती विहिरीवर गेली तेव्हा ते रडत होतं. परत आली तेव्हा पाळणा गप्प होता. निजलं असेल म्हणून तिने आधी कळशी उतरवली, चूल पेटवली, मग जाऊन बघितलं. तेव्हापासून तिचा जीव कधी थाऱ्यावर राहिला नाही. दुसरा मुलगा दुमिंग झाला, त्याला ती कडेवरून खाली ठेवीना. रात्री चारचारदा उठून त्याच्या नाकापुढे बोट धरी. शेजारची कातरीन चारचौघींत म्हणायची, "इनेस, अगं खाली ठेव त्याला! भुईला काय दात आहेत?" बायका हसायच्या. इनेसही हसायची आणि पोराला आणखी घट्ट धरायची.

दुमिंग दीड वर्षाचा असताना त्याला ताप भरला. चार दिवस उतरेना. पाचव्या दिवशी इनेसने सुतळीने त्याला टाळूपासून टाचेपर्यंत मापलं आणि तेवढ्या उंचीची मेणबत्ती ओतून घेतली. सायबिणीपुढे ती पुरती जळली की नवस फिटणार होता. घरधन्याचा हात मोडला होता, त्याला चढवेना. ती एकटीच निघाली. पाठीला पोर, हातात मेणबत्ती. सायबिणीच्या सणाच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. पायऱ्या चढता चढताच वारा उठला आणि आभाळ काळंठिक्कर झालं.

वर येऊन बघते तर तपी कोनाड्याशी रिकामा बुधला उलटा धरून उभा. झालं होतं असं, की बंदरपाड्याला वाटलं हा आठवडा माडआळीचा, माडआळीला वाटलं बंदरपाड्याचा. तेल कुणीच पोचवलं नव्हतं. आणि खाली दर्यात सात मचवे होते.

तपीने दर्याकडे बोट केलं, मग तिच्या हातातल्या मेणबत्तीकडे.

"नाही बाबा," इनेस म्हणाली. "ही पोराची आहे. ही आत जळायची."

तपीने पुन्हा दर्याकडे बोट केलं. त्याच्या हातांना म्हातारपणाचा कंप होता.

तिचं कुणीच मचव्यात नव्हतं. पण कातरीनचा नवरा होता, दोन पोरगे होते. इनेस आत गेली, बाहेर आली, परत आत गेली. शेवटी तिने मेणबत्ती गुडघ्यावर ठेवून मधोमध मोडली. एक अर्धी सायबिणीपुढे लावली. दुमिंगला तपीच्या मांडीवर दिलं. त्या हातांना मेणबत्ती पेलली नसती, पोर पेललं असतं. दुसरी अर्धी घेऊन ती कोनाड्याशी गेली.

वारा ज्योत टिकू देईना. तिने लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी ताणून आडोसा केला. एक पाऊल हललं की ज्योत फडफडे. आत दुमिंग रडत होता. तो रडत होता तोवर ती उभी राहू शकली.

मग रडणं थांबलं.

"बाबा," तिने हाक मारली, "निजला काय?"

उत्तर नाही. ती ओरडली, "तपीबाबा! हाय का माझा पोर?"

वाऱ्याखेरीज काही नाही. पुन्हा तोच गप्प पाळणा. खाली लाटांवर काळे ठिपके दिसत होते, दोन मचवे आत आले होते, पाच बाहेर होते. तिचा एक पाय दाराकडे वळला. ज्योत आडवी झाली, विझता विझता राहिली.

"नुसतं हाय म्हण रे! एवढंच! नायतर मी आले, बुडू देत सगळे!"

आणि आतून आवाज आला. गंजलेली बिजागरी कुरकुरावी तसा, म्हणे.

"हाय."

इनेसने वळलेला पाय परत घेतला. पुढे दर चार श्वासांनी ती विचारी आणि तपी सांगे, "हाय गे, हाय." मचवे एकेक करून आत आले. सातवा लागला तेव्हा मेण तिच्या बोटांवर ओघळून थिजलं होतं. ती आत धावली. दुमिंग घामाने ओलाचिंब होऊन तपीच्या दाढीत तोंड खुपसून निजला होता. ताप उतरला होता. म्हातारा रडत होता. शब्द मोडला म्हणून, की बारा वर्षांनी बोलायला मिळालं म्हणून, ते ज्याचं त्याला ठाऊक. कुणी सांगतात, पुढे तो पुन्हा मुका झाला. कुणी सांगतात, वर येणाऱ्या प्रत्येकाला तो एवढंच विचारायचा, "पोरं बरी?"

दुसऱ्या दिवशी सणाला कातरीन आली. तिने इनेसच्या कडेवरचा दुमिंग घेतला आणि मिसाची प्रार्थना संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

"दुमिंग जगला, नाखवा झाला," मिंगेलकाका सांगतात. "आमची घरं त्याच्याच वंशातली. पण इनेसचा जीव काही निवला नाही हो. मुलगा चाळिशीचा झाला तरी मचवा उशिरा आला की ही भिंतीशी उभी."

आजही तिवरजुव्याच्या कपेलात अख्खी मेणबत्ती कुणी लावत नाही. आई ती गुडघ्यावर मोडते. अर्धी आत आपल्या पोरासाठी, अर्धी बाहेर परक्यांसाठी. बाहेरची जळेपर्यंत पोर धरायचं ते नात्यातल्या बाईने नाही. त्या वेळी जी अनोळखी बाई हजर असेल, तिने धरायचं, आणि हाक आली की लगेच उत्तर द्यायचं.

म्हणून गोष्ट संपली की मिंगेलकाका पाहुण्यांमध्ये नजर फिरवतात. दारात एखादी आई अर्धी मेणबत्ती घेऊन ताटकळत असते. शहरातून आलेली कुणी बाई खांद्यावरची पिशवी खाली ठेवते, अवघडून हात पुढे करते. काका तिला हळूच बजावतात, "लाजायचं नाही, बाय. मोठ्याने सांगायचं. ती तिकडे जीव मुठीत घेऊन उभी असते."